बीपीची गोळी, गुडघ्याची गोळी आणि नागपूरचा मे महिना: नेहमीच्या औषधांचे धोके आणि त्याहून बरे पर्याय

वर्धारोडवाली

हा धागा काढायचं कारण उन्हाळा. मी फार्मासिस्ट आहे, नागपुरातच. पारा चाळीस ओलांडून पंचेचाळीसकडे सरकायला लागला की काउंटरमागे उभं राहून मला एका ठराविक खरेदीची धास्ती वाटते. साठीपुढचं कुणीतरी येतं, महिन्याची बीपीची गोळी घेतं. बहुतेक वेळा ती टेल्मिसार्टन असते आणि त्याच गोळीत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. मग जाता जाता म्हणतं, "ती गुडघ्याची पण एक स्ट्रिप द्या." गुडघ्याची म्हणजे डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नाहीतर इटोरिकॉक्सिब. दोन्ही औषधं एकाच पिशवीत जातात.

यात काय घडतं ते नीट सांगते, कारण एकदा कळलं की विसरायला होत नाही. किडनीच्या प्रत्येक गाळणीत रक्त एका बारीक धमनीतून आत येतं आणि दुसरीतून बाहेर जातं. अंगातलं पाणी कमी झालं की शरीर आत येणारी धमनी सैल ठेवतं, बाहेर जाणारी आवळतं, आणि गाळणीतला दाब टिकवून धरतं. आत येणारी सैल ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतात. वेदनाशामक गोळ्या नेमकं तेच बनू देत नाहीत. बाहेर जाणारी आवळायचं काम अँजिओटेन्सिन करतं. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ते अडवतं. तिसरं औषध लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतं. त्यावर नवतपा (मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस), घाम, आणि बाहेर गेल्यावर बाथरूमची सोय नाही म्हणून मुद्दाम कमी प्यायलेलं पाणी. किडनीकडे सावरायला काही उरतच नाही. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, चढतं तेव्हा दुखत काहीच नाही. लघवी कमी होते, गळून गेल्यासारखं वाटतं, तोंडाची चव जाते, आणि आपण म्हणतो, ऊन लागलं असेल.

या तिन्हीपैकी एकही औषध वाईट नाही हे मला ठासून सांगायचं आहे. टेल्मिसार्टन तर मधुमेहात किडनी जपण्यासाठीही देतात. म्हणून "ही गोळी सेफ आहे का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. मला, माझ्या बाकीच्या गोळ्यांसोबत, या महिन्यात, किती दिवस, असं विचारलंत तर उत्तर देता येतं.

हा धागा वाचून बीपीची गोळी कुणीही मनाने बंद करू नका. आधी हटवायची असेल तर ती दुखण्याची गोळी, आणि तिच्या जागी काय ठेवायचं यासाठीच ही चर्चा. अनुभव, शंका, मतभेद सगळं येऊ द्या.

सक्करदरा_एक्सप्रेस

ताई, फार वेळेवर काढला धागा. आमची आई हेच कॉम्बिनेशन घेऊन राहिली आहे, बीपीची एक आणि ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची एक, दुसरी "लागेल तशी". आता सरळ साधं पॅरासिटामॉल सुरू केलं तर चालेल का? ते तर एकदम सेफ असतं ना? आईचं वय अडुसष्ट, शुगर नाही.

वर्धारोडवाली

@सक्करदरा_एक्सप्रेस, किडनीच्या बाजूने पाहिलं तर पॅरासिटामॉल नक्कीच बरं. पण "एकदम सेफ" हे शब्द लिव्हरला विचारून वापरायचे. धडधाकट प्रौढ माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा ४ ग्रॅम सांगितली जाते. वय जास्त, वजन कमी, रोजची दारू किंवा खाणं तुटलेलं असेल तर डॉक्टर ती बरीच खाली आणतात. पॅरासिटामॉलचा एक छोटा भाग लिव्हरमध्ये विषारी रूपात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला निकामी करतं. उपाशी माणसात आणि रोज पिणाऱ्यात हा साठाच कमी असतो.

जास्त डोस जातो तो बहुतेक नकळत. ६५०ची गोळी ताप म्हणून, सर्दीची गोळी वेगळी, अंगदुखीची वेगळी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल. स्ट्रिपवरचं मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे अशा मिश्रणांचा सुळसुळाट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १५६ मिश्र औषधांवर बंदी आणली, त्यात ॲसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम ही गोळीसुद्धा होती. नेहमीची १०० अधिक ३२५ची वेगळी, ती बाजारात आहेच.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. झिजलेल्या गुडघ्याला पॅरासिटामॉलचा फारसा उतार पडत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत तर सांध्यांच्या झिजेसाठी ते सरसकट देऊ नका असं आहे. पहिलं औषध म्हणून त्यांनी सुचवलं आहे ते वेदनाशामक जेल. डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्यावर लावलं तर गोळीच्या तुलनेत साधारण ६ टक्केच औषध रक्तात जातं. पोट, किडनी, हृदय तिघांवरचा भार कितीतरी कमी. मात्र ते दिवसातून तीन-चार वेळा, नियमाने, काही आठवडे लावावं लागतं. दुखलं तेव्हा चोळलं, असं करून उपयोग नाही. किडनी आधीच अधू असेल तर जेलसुद्धा विचारूनच.

आईचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या वर्षात केलंय का? नसेल तर आधी ते करून घ्या.

फिजिओ_मानेवाडा

जेलबद्दल शंभर टक्के सहमत. पण गुडघ्याचं खरं औषध मांडीच्या पुढच्या स्नायूत आहे आणि ते कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही.

खुर्चीत ताठ बसा, एक पाय गुडघ्यातून सरळ करा, मांडी घट्ट आवळून पाच-सहा सेकंद धरा, हळू खाली. दोन्ही पायांचा, रोज. दुसरा व्यायाम खुर्चीतून हात न टेकता उठायचा आणि सावकाश बसायचा. न जमल्यास आधी उंच खुर्ची घ्या. पहिले दोन-तीन आठवडे दुखणं थोडं वाढल्यासारखं वाटतं आणि ऐंशी टक्के लोक तिथेच सोडतात, हा माझ्याकडचा अंदाज. सहा ते आठ आठवड्यांनी जे फरक सांगतात ते टिकलेले लोक असतात.

वजनाबद्दल एक गोष्ट सांगितली की पेशंटचे डोळे मोठे होतात. शरीराचं एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. हे मोजून सिद्ध झालेलं आहे. पाच किलो म्हणजे किती ते तुम्हीच करा.

आणि काठी. आपल्याकडे काठीची लाज फार. वापरतात तेही बहुतेक चुकीच्या हातात, दुखऱ्या पायाच्या बाजूला. काठी दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखरा पाय टाकताना तीही पुढे टाकायची. फुटाळा तलावावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या अर्ध्या काकांना मला थांबवून हे सांगावंसं वाटतं.

गोळी कधीच नको असं मी म्हणणार नाही. गुडघा सुजून लाल झालेल्या दिवसांत दोन-चार दिवस गोळी घेऊन माणूस व्यायामाला उभा राहत असेल तर ती घ्यावी. डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांत मात्र ती बंद झाली पाहिजे.

तर्री_पोहे

गुडघ्यांवरून पोटाकडे येऊ का? मी पँटोप्रॅझोल आणि डोमपेरिडोनची कॅप्सूल दोनेक वर्षांपासून रोज सकाळी घेतो. एका लग्नानंतर झालेल्या जळजळीसाठी डॉक्टरांनी लिहून दिली होती, नंतर पुन्हा कुणी बंद कर म्हटलंच नाही. बंद केली की तिसऱ्या दिवशी आग. झणझणीत सावजी जेवण महिन्यातून एखाद वेळा, बाकी साधं जेवण. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू. काही दिवसांपासून पायाला मुंग्या येतात. संबंध आहे का?

जनरल_फिजिशियन_नंदनवन

@तर्री_पोहे, असू शकतो, आणि तुमच्या बाबतीत जरा जास्तच. बी-१२ अन्नातून सुटायला पोटातलं आम्ल लागतं, पँटोप्रॅझोल ते कमी करतं. मेटफॉर्मिनही दीर्घकाळ घेतल्यास बी-१२चं शोषण कमी करतं. वर तुम्ही शाकाहारी असाल तर आवकही कमीच. मुंग्या मधुमेहामुळेही असतात, त्यामुळे अंदाज नको, बी-१२ तपासून घ्या.

वर्षानुवर्षे घेतल्यास या गटातल्या औषधांनी मॅग्नेशियम कमी होणं, हाडं ठिसूळ होणं, आतड्याचे संसर्ग आणि क्वचित किडनीला सूज येणं असे परिणाम नोंदले गेले आहेत. एकेका माणसाला धोका कमी. पण आपल्याकडे ही गोळी जितके लोक गरज नसताना घेतात ते पाहिलं की ती एकूण संख्या लहान राहत नाही.

डोमपेरिडोनवर वेगळं बोलतो, कारण ते त्या कॅप्सूलमध्ये फुकटचं आलेलं असतं. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. साठीपुढे आणि मोठ्या डोसला धोका जास्त. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्येच सांगितलं की हे मळमळ-उलटीसाठी, १० मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि सहसा आठवड्याच्या आत. आपल्याकडे मात्र मळमळ नसलेली माणसं ते वर्षानुवर्षे गिळत आहेत.

तिसऱ्या दिवशी होणारी आग म्हणजे रोग परत आला असंच नव्हे. आम्ल दाबून ठेवलेल्या पेशी औषध काढताच काही काळ जास्त आम्ल बनवतात. म्हणून एकदम बंद करू नका. आधी डोमपेरिडोन नसलेली साधी गोळी, मग डोस निम्मा, मग दिवसाआड, आणि मधल्या दिवसांत लागलं तर फॅमोटिडीन. रॅनिटिडीनकडे परत जाऊ नका. त्यात एनडीएमए हे कर्करोगाशी जोडलं गेलेलं द्रव्य सापडल्यावर अमेरिकेने ते २०२० मध्ये बाजारातून काढलं आणि आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतूनही २०२२ मध्ये ते गेलं. रात्रीचं जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून वीतभर उंच करा (नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दाबलं जातं), डाव्या कुशीवर झोपा. फसफसणारा सोडा रोजचा नको, त्यात सोडियम भरपूर असतं आणि बीपीवाल्यांना ते नडतं.

आता हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. स्टेंट टाकल्यावर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुरू आहे, पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं आहे, अशांना पँटोप्रॅझोल पोट वाचवायला दिलेलं असतं. त्यांनी यातलं काहीही करायचं नाही. अशा लोकांनी हा धागा वाचून गोळी सोडली तर आमच्या चर्चेने नुकसानच केलं.

प्रतापनगरची_आई

मला लहान मुलांच्या खोकल्याबद्दल विचारायचं आहे. मुलगी तीन वर्षांची. छिंदवाड्याच्या प्रकरणानंतर घरातल्या सगळ्या सिरपच्या बाटल्या टाकून दिल्या. पण रात्रभर खोकते तेव्हा जीव कासावीस होतो आणि सासूबाई म्हणतात कापूर-ओव्याची पुरचुंडी बांध, छातीला तेल चोळ, वाफ दे. यातलं काय करू?

नाइट_ड्यूटी

ताई, मी लहान मुलांच्या आयसीयूत नर्स आहे, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातून जी लेकरं आली, त्यातली बरीच नागपुरात आणली होती. आजार काय तर साधा ताप-खोकला. सिरप घेतलं, काही दिवसांत लघवी थांबली, किडन्या गेल्या. वीसहून जास्त मुलं दगावली. त्या कोल्ड्रिफ सिरपच्या तपासणीत डायएथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. मर्यादा ०.१ टक्के आहे. हे कारखान्यात वापरायचं द्रावण, चवीला गोडसर, औषधी दर्जाच्या द्रावणापेक्षा स्वस्त. डोळ्यांनी पाहून, वास घेऊन, बाटली हलवून ते ओळखता येत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये याच विषाने भेसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ माणसं गेली होती. चाळीस वर्षांनी तेच द्रव्य आणि आता लहान लेकरं. मला याचा राग येतो आणि तो जात नाही.

पण तुमच्या मुलीसाठी महत्त्वाचं हे की बाटली शुद्ध असती तरी तिला त्या सिरपची गरज नव्हती. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं, दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली सहसा नकोत. सर्दीच्या औषधांतल्या क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनच्या मिश्रणावर चार वर्षांखाली देऊ नये असं छापायची सूचना तर २०२३ मध्येच निघाली होती. या वयातला बहुतेक खोकला विषाणूचा असतो आणि आपल्या वेळेने जातो.

मध द्या. झोपताना अर्धा ते एक चमचा. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध अजिबात नाही, बॉट्युलिझमचा (जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो. जन्मल्यावर मध चाटवायची पद्धतही त्याचसाठी सोडायला हवी. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब. कोमट पाणी, वरणाचं पाणी, जे घेईल ते.

कापराबद्दल सासूबाईंना हात जोडून सांगा. कापराची वडी मुलाने तोंडात टाकली तर झटके येतात, थोड्याशा प्रमाणातही. पुरचुंडी गळ्यात बांधली की ती तोंडात जाणारच. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. वाफेच्या भांड्याने भाजलेली मुलं आमच्याकडे येतात. छातीवर हलक्या हाताने साधं खोबरेल तेल लावून आजीचं आणि नातीचं दोघींचं समाधान होत असेल तर खुशाल लावा.

तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबाने, एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. इथे एक घोळ सारखा दिसतो. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा २५०. सिरपच्या सवयीने थेंबांचं औषध पाच मिली पाजलं तर ५०० मिलिग्रॅम गेलं. निमेसुलाइड घरात असेल तर मुलांना नाही. बारा वर्षांखाली ते २०११ पासून बंद आहे.

आणि श्वास मोजा. ती शांत असताना पूर्ण एक मिनिट. एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस किंवा जास्त, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, पिणं सोडणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

वैद्य_महाल

वाचत होतो. अशा चर्चेत "त्यापेक्षा आयुर्वेदिक घ्या, साइड इफेक्ट नाही" असं कुणीतरी लिहितंच, म्हणून त्याआधीच लिहितो. मी बीएएमएस आहे, महालात दवाखाना आहे, आणि माझ्या शास्त्राबद्दल मला आदर आहे म्हणूनच हे वाक्य मला मान्य नाही. ज्याचा गुण येतो त्याचा अवगुणही येऊ शकतो. मात्रा, काळ आणि प्रकृती न पाहता औषध द्यायला आयुर्वेदाने कधी सांगितलं?

कोरोनात लोकांनी गुळवेलीचा काढा महिनोन्महिने प्यायला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झालेली असू शकते. माझ्या दृष्टीने दोन्ही बाजूंमधून एकच गोष्ट निघते, की कुंपणावरची वेल ओळखून, तोडून, अंदाजाने उकळून रोज पिऊ नये. थायरॉइड, सोरायसिससारखे प्रतिकारशक्तीचे आजार असणाऱ्यांनी तर नाहीच.

ज्येष्ठमध घशासाठी चार दिवस चघळलं तर काही बिघडत नाही. रोजच्या चहात कायमचं घातलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. वर्धारोडवाली ताईंनी सांगितलेलं लघवीचं औषध चालू असेल तर ते आणखी उतरतं.

सर्वांत जास्त भीती मला सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांची वाटते. दोन दिवसांत चमत्कार, भूक वाढते, चेहरा गोल दिसू लागतो. त्यात बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. शुगर वाढते, हाडं पोकळ होतात. आणि महिनोन्महिने घेतल्यावर एकदम बंद केलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थांबलेलं असल्यामुळे माणूस कोसळू शकतो. कुणाच्या घरी अशी पुडी चालू असेल तर रागावून फेकून देऊ नका, ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

सिकल_बहीण

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. माझा भाऊ सिकलसेलचा (लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो रक्ताचा आनुवंशिक आजार) एसएस पेशंट, म्हणजे नुसता वाहक नव्हे, पूर्ण आजार असलेला. विदर्भात अशी घरं किती आहेत ते इथल्या लोकांना माहीत आहे.

वेदनाशामकांच्या धोक्यांची चर्चा घरात वाचली जाते तेव्हा त्याचा पहिला परिणाम म्हणजे दुखणाऱ्याला सहन करायला लावणं. "सारख्या गोळ्या नको खाऊ, किडनी जाईल." क्रायसिस, म्हणजे सिकलचा वेदनेचा झटका, येतो तेव्हा हाडातून कळ येते, भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं त्याला. बाहेरून काहीच दिसत नाही म्हणून लोकांना ते खरं वाटत नाही. औषध न घेण्यालाही किंमत असते आणि ती तोच मोजतो.

हो, सिकलमध्ये किडनी आधीच नाजूक असते, म्हणून ब्रुफेन-डायक्लोफेनॅक आम्ही मनाने देत नाही. त्याचे डॉक्टर क्रिएटिनिन पाहून थोड्या दिवसांसाठी देतात, पॅरासिटामॉल सोबत असतं, आणि त्याने भागलं नाही तर दवाखान्यात नेऊन जास्त ताकदीचं औषध, सलाइन. खरा पर्याय क्रायसिसच कमी करणं हा आहे. हायड्रॉक्सीयुरिया नियमित सुरू झाल्यापासून त्याचं कॉलेज बुडणं कमी झालंय. पाणी, थंडीत अंग झाकणं, उन्हात बाहेर न पडणं. पण दुखलं तर औषध द्या. तेवढं या धाग्यात कुठेतरी लिहिलेलं असावं.

वर्धारोडवाली

@सिकल_बहीण, तुमचा प्रतिसाद माझ्या पहिल्या पोस्टइतकाच महत्त्वाचा आहे, आणि ज्यांनी फक्त सुरुवात वाचून सोडलं असेल त्यांनी तो वाचावा.

एक जोडते. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असते तेव्हा तापात ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनामिक ॲसिड, ॲस्पिरिन टाळायचं, रक्तस्राव वाढतो. निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

इतवारी_स्टेशन

वय बहात्तर, प्रोस्टेट वाढलेलं आहे. सर्दीची साधी गोळी घेतली आणि रात्री लघवी अडली, नळी टाकावी लागली. गोळीवर याबद्दल काहीच ठळक लिहिलेलं नव्हतं. माझ्या वयाच्या लोकांनी जपावं म्हणून सांगतो.

जनरल_फिजिशियन_नंदनवन

काका, बरं झालं लिहिलंत. त्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, ते मूत्राशय ढिलं करतं. सोबतचं फेनिलेफ्रिन मूत्राशयाचं तोंड आवळतं. प्रोस्टेटवाल्यांना दोन्हीकडून त्रास. शिवाय फेनिलेफ्रिन पोटातून घेतल्यावर चोंदलेल्या नाकाला उपयोगी पडत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये काढला. सर्दीला मिठाच्या पाण्याने नाक धुणं तुमच्यासाठी उत्तम.

हा अनुभव फक्त इथे ठेवू नका. औषधाचा दुष्परिणाम रुग्ण स्वतः कळवू शकतो, १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर. गोळीचं नाव, बॅच, किती घेतली, काय झालं एवढं पुरतं.

काटोल_नाका

दोन शेवटचे प्रश्न. उन्हातून आल्यावर अंग भट्टीसारखं तापलं तर पॅरासिटामॉल द्यायचं का? आणि बीपीवाल्यांनी उन्हाळ्यात ओआरएस घ्यायचं की नाही? त्यात मीठ असतं ना.

वर्धारोडवाली

ओआरएसचं मी सांगते, तापाचं डॉक्टर सांगतील.

जुलाब-उलट्या किंवा उन्हात राबून भरपूर घाम गेला असेल तर बीपीवाल्यांनीही ओआरएस घ्यावं, तेव्हा शरीरातलं मीठ खरंच गेलेलं असतं. घरात पंख्याखाली बसून सवयीने रोज पिऊ नये. एक मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या पेल्यात घट्ट कालवलेलं ओआरएस नुकसान करतं. त्यात पोटॅशियमही असतं, त्यामुळे टेल्मिसार्टन चालू असून किडनी अधू असेल तर विचारून. फळांच्या चवीची गोड डबाबंद पेयं म्हणजे ओआरएस नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी केली आहे. एरवी ताक, पन्हं, आंबील, मीठ बेताचं. हृदयाचा पंप कमजोर असणाऱ्यांनी पाण्याची आणि लघवीच्या गोळीची मे महिन्यातली मर्यादा डॉक्टरांकडून आताच ठरवून घ्यावी, हिवाळ्यातल्या चिठ्ठीवर काढू नये. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी उलट्या-जुलाब सुरू होताच फोन करून विचारावं, ती काही दिवस थांबवावी लागू शकतात.

जनरल_फिजिशियन_नंदनवन

उन्हाने तापलेल्या अंगाला पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. तापात मेंदू स्वतः तापमानाची पातळी वर नेतो आणि गोळी ती खाली आणते. उष्माघातात मेंदूची पातळी जागेवरच असते, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. गोळीने फक्त आधीच ताणलेल्या लिव्हरवर ओझं पडतं. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन तर अशा वेळी अजिबात घेऊ नका.

सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर साधं पाणी ओतून जोराचा वारा घाला, मान-काखा-जांघेत बर्फाच्या पिशव्या. माणूस बरळत असेल, झटका आला असेल किंवा शुद्ध नसेल तर तोंडाने काही पाजू नका. एकाने पाणी ओतत राहायचं आणि दुसऱ्याने १०८ला फोन लावायचा.